लकव्यानंतरचे शंभर शब्द

लकवा मारलेल्या एखाद्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नाही. समोरच्या पेल्याकडे बोट दाखवून ‘हे काय?’ असं विचारलं तर तो नुसता बघत राहतो. ओठ हलतात, शब्द येत नाही. आणि संध्याकाळी टाळ्यांचा ठेका सुरू झाला की हाच माणूस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आरती म्हणतो. ‘एक’ म्हटलं की वीसपर्यंत जातो. ‘सोमवार’ म्हटलं की रविवारपर्यंत थांबत नाही. चिडला तर शिवी येते, तीही ठणठणीत. घरातल्यांना वाटतं, येतं की बोलता! मग पाणी मागायला काय होतं? मुद्दाम करतो का?

मुद्दाम करत नाही. मेंदूच्या अभ्यासातली ही जुनी आणि अजूनही थक्क करणारी गोष्ट आहे. नवं वाक्य जुळवणं हे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या अर्ध्या भागाचं काम. पण आयुष्यभर हजारदा म्हटलेलं जे असतं, आरत्या, पाढे, वार, शिव्या, ‘अरे बापरे’, ते दर वेळी नव्यानं जुळवावं लागत नाही. ते सगळं एकसंध बाहेर पडतं, आणि त्या कामात उजवा अर्धा भाग आणि मेंदूतली खोलवरची केंद्रंही हातभार लावतात. डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला तरी हा साठा शाबूत राहू शकतो. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हा फरक टिपून ठेवला होता.

त्याच शतकात, 1861 साली, पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबॉर्न्य नावाचा एक रुग्ण वारला. त्याला सगळे ‘तां’ म्हणत, कारण काहीही विचारलं तरी तो ‘तां, तां’ एवढंच बोलायचा. समजायचं त्याला बरंच काही. पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात जखम सापडली. वाणीला मेंदूत ठरावीक ठिकाण असू शकतं, हे जगाला पटायला सुरुवात झाली ती इथून. पुढं 1874 मध्ये कार्ल वेर्निक यांनी उलटा प्रकार दाखवला: माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नाही, आणि दुसऱ्याचं बोलणं त्याला उमगत नाही. दोन्ही वाचाघातच, म्हणजे मेंदूतल्या इजेनं भाषा अडणं. वाचाघात म्हणजे बुद्धी जाणं नव्हे. ऐकू न येणंही नव्हे. आणि बहुतेकदा लिहिणं-वाचणंही त्याच्याबरोबर अडतं, म्हणून ‘बोलता येत नाही तर लिहून दाखवा’ म्हणत हातात पाटी किंवा मोबाईल देणाऱ्याची निराशा होते.

हे सगळं रिद्धपूरच्या संदर्भात सांगावंसं वाटतं, त्याला कारण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाची काशी. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे गुरू गोविंदप्रभू इथं राहिले. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ इथंच सिद्ध केलं. ते पुस्तक तयार कसं झालं? चक्रधर निघून गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांच्याकडे म्हाइंभट जात राहिले, विचारत राहिले, पंथप्रमुख नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत राहिले. लोकांच्या आठवणींतून मराठीतला आद्य गद्यग्रंथ उभा राहिला. पुढं धामधुमीच्या काळात मूळ पोथी हरवली. मग पंथातल्या वेगवेगळ्या लोकांनी, ज्याला जेवढं पाठ होतं तेवढ्यावरून, ती पुन्हा लिहून काढली. म्हणूनच आज लीळाचरित्राचे अनेक ‘पाठ’ आहेत, आणि ते शब्दाला शब्द जुळत नाहीत. एका जागची प्रत गेली तरी मजकूर गेला नाही, कारण तो घोकून घोकून अनेक ठिकाणी मुरलेला होता.

आणखी एक गोष्ट आहे. चक्रधरांनंतर शिष्यमंडळी रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. गोविंदप्रभूंचं बोलणं-वागणं चारचौघांसारखं नव्हतं. त्यांच्या लीळा वाचताना ते जाणवतं: तुटक बोलणं, स्वतःशीच बोलणं, एकदा हो तर लगेच नाही. याला कुठल्या आजाराचं नाव चिकटवणं मूर्खपणाचं ठरेल. भक्तांसाठी ते ईश्वराचं वागणं होतं. पण सेवा करणाऱ्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. ‘काहीतरीच बोलतात’ म्हणून त्यांनी ते झटकून टाकलं नाही. जसं बोलले तसं लक्षात ठेवलं, प्रसंगावरून अर्थ लावला. वाचाघात झालेल्या माणसाशी कसं वागावं हे शिकवणारे आजचे तज्ज्ञ याहून फार वेगळं सांगत नाहीत.

आता लकव्याकडे येऊ. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं तुंबते किंवा फुटते, आणि तिच्या पलीकडच्या पेशी उपाशी मरू लागतात. अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये हिशेब मांडला: मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख मज्जापेशी जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तेही सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यांतलं एकही अचानक दिसलं तर 108 ला फोन करायचा आणि स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. उद्या सकाळी बघू म्हणायचं नाही. वाटेत तेल चोळायला थांबायचं नाही, आणि कबुतराचं रक्त आणायला तर मुळीच नाही.

हा शहरी श्रीमंतांचा आजार आहे असं अजूनही अनेकांना वाटतं. विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि ‘सर्च’ संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 86 गावांतला प्रत्येक मृत्यू दोन वर्षं तपासला. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आला. 1599 मृत्यूंपैकी 229 लकव्यानं झालेले, म्हणजे शंभरात चौदा. हे त्या गावांतलं मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं, आणि यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले. मलेरिया आणि बालमृत्यूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातली ही गोष्ट.

जे वाचतात त्यांचं काय? इथून खरी अद्भुत गोष्ट सुरू होते.

मेलेली मज्जापेशी परत येत नाही. मग माणूस पुन्हा चालायला, बोलायला कसा लागतो? थोडंसं आपोआप होतं: सूज उतरते, अर्धमेल्या पेशी सावरतात. पण त्यापलीकडचं काम शेजारच्या पेशी घेतात. रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये माकडांवर दाखवलं की बोटांवर ताबा असलेला भाग जखमी झाल्यावर माकडाकडून तेच बोटांचं काम रोज करून घेतलं, तर जखमेशेजारचा भाग बोटांसाठी राखला जातो. करून घेतलं नाही तर तोच भाग आक्रसतो. मोर्शी-वरूडकडच्या संत्र्याच्या बागेत जुना दांड फुटला तर पाणी नव्या वाटेनं वळवतात. पहिल्या दिवशी ते कोरड्या मातीत जिरून जातं, झाडापर्यंत पोचत नाही, आणि रोज वळवत राहिलं की आठवड्याभरात सरळ आळ्यात पडू लागतं. मेंदूतलं काम बरंचसं असंच चालतं. पाणी सोडत राहणं महत्त्वाचं.

यावर कोणाचाच विश्वास नव्हता तेव्हाची एक हकिकत आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या पेद्रो बाक-इ-रिता या वयस्क प्राध्यापकांना लकव्याचा मोठा झटका आला. डॉक्टरांनी आशा सोडली. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकीय शिक्षण घेत होता. पुनर्वसनाचं त्याला काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं लहान मुलापासून सुरुवात केली. वडिलांना आधी रांगायला लावलं. भांडी घासायला लावलं, गोट्या उचलायला लावलं. शेजारीपाजारी म्हणाले, म्हाताऱ्याचे हाल चाललेत. वर्षभरात पेद्रो पुन्हा शिकवू लागले. पुढं काही वर्षांनी डोंगर चढताना हृदयविकारानं ते गेले आणि शवविच्छेदनात दिसलं की मेंदूतली जुनी जखम जशीच्या तशी होती, आणि ती प्रचंड होती. ती पाहून त्यांचा दुसरा मुलगा पॉल यानं मेंदूची लवचीकता हाच आयुष्याचा विषय केला.

म्हणजे घरच्या माणसानं, पुस्तकाशिवाय, स्वयंपाकघरात हे घडवलं. मग आज हातातल्या मोबाईलवर सगळं उपलब्ध असताना घरोघरी असे पेद्रो का दिसत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर भारतातच शोधलं गेलं, आणि ते चटकन पचणारं नाही.

‘अटेंड’ नावाची चाचणी 14 भारतीय रुग्णालयांत झाली. 1250 रुग्ण. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवून, पुस्तिका देऊन घरी पाठवलं. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं, शंभरात 47. पुढं ‘स्प्रिंट इंडिया’ ही चाचणी 31 केंद्रांवर 4298 रुग्णांवर झाली. तिचा हेतू दुसरा झटका टाळण्याचा होता: 12 भाषांत मोबाईलवर संदेश, व्हिडिओ, शिवाय एक कार्यपुस्तिका. वर्षभरानं पाहिलं तर दारू-धूम्रपान सोडणारे वाढले, गोळ्या नेमानं घेणारेही वाढले, पण नवे झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. (या दोन्ही चाचण्यांची भारतातली सूत्रं लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. जयराज पांडियन यांच्याकडे होती.)

त्याआधी चेन्नईत डॉ. सुरेशकुमार कमलकण्णन यांनी ‘केअर फॉर स्ट्रोक’ हा मोबाईलवरचा शिक्षणक्रम करून पाहिला. व्यायाम कसे करायचे, अंथरुणावरून कसं उठवायचं, घरात काय बदलायचं, असं सगळं त्यात होतं. लोकांना ते आवडलं. अडचणी निघाल्या त्या आपल्या रोजच्या ओळखीच्या: रेंज नाही, व्हिडिओ अडकतो, चित्र स्पष्ट दिसत नाही. त्यावरून एक साधी गोष्ट गाठीशी बांधण्यासारखी आहे. व्हिडिओ थेट इंटरनेटवरून चालवत शिकायचं नाही; रेंज असेल तिथं तो उतरवून घ्यायचा आणि मग निवांत पाहायचा.

हे निकाल वाचून कोणी म्हणेल, शिकवण्यात अर्थ नाही. मला तसं वाटत नाही. अमेरिकेत स्टीव्हन क्रेमर यांच्या गटानं 2019 मध्ये 124 रुग्णांची तुलना केली. निम्म्यांनी हाताचे व्यायाम दवाखान्यात केले, निम्म्यांनी घरी पडद्यासमोर, खेळाच्या रूपात, निम्म्या सत्रांत पलीकडून थेरपिस्ट बघत असताना. दोघांनाही 70 मिनिटांची 36 सत्रं. हात दोन्हीकडे सारखेच सुधारले. पडदा वाईट नाही, घरही वाईट नाही. फरक मात्रेचा आहे. दोन-तीन दिवस शिकवून पाठवलेल्या सुनेला शेत, स्वयंपाक, पोरांची शाळा सांभाळून किती वेळ मिळणार? मात्रेबाबत आणखी एक आकडा धक्का देतो. कॅथरिन लँग यांनी 2009 मध्ये रुग्णालयातली प्रत्यक्ष सत्रं मोजली. एका सत्रात रुग्ण दुबळ्या हातानं कामाची हालचाल सरासरी 32 वेळा करत होता. मेंदू बदललेला ज्या प्राणी-प्रयोगांत दिसला, तिथं हा आकडा दिवसाला शेकड्यांत होता. औषधाच्या गोळीचा छोटासा तुकडा देऊन ‘गुण येत नाही’ म्हणण्यातला हा प्रकार.

मात्रा अतीही होऊ शकते, हे इथंच सांगायला हवं. 2015 मध्ये छापून आलेल्या ‘अव्हर्ट’ चाचणीत 2104 रुग्ण होते. झटक्यानंतरच्या पहिल्या 24 तासांतच भरपूर आणि वारंवार उठवून उभं केलेल्यांची स्थिती पुढं जरा वाईटच निघाली. पहिल्या दिवसांतला जोर डॉक्टरांनी ठरवायचा, यूट्यूबनं नाही.

आता बोलण्याकडे, कारण माझ्या मते सगळ्यात विलक्षण निकाल तिथं आहे. ‘बिग कॅक्टस’ या ब्रिटिश चाचणीत रेबेका पामर यांच्या गटानं वाचाघाताच्या 278 रुग्णांना घेतलं. झटक्याला किमान चार महिने झालेले, काहींना तर कित्येक वर्षं. एका गटाला संगणकावर रोज थोडा वेळ, सहा महिने, स्वतःहून शब्दांचा सराव करायला दिला. शब्द शंभर, आणि ते प्रत्येकानं स्वतःच्या आयुष्यातून निवडलेले. 2019 मध्ये निकाल आला. सराव केलेले शब्द लक्षणीय प्रमाणात परत आले, झटक्याला कित्येक वर्षं झालेल्यांचेही. पण बिनसरावाचे शब्द त्यांच्यामागून आले नाहीत, आणि रोजच्या गप्पाही आपोआप सुधारल्या नाहीत.

याचा अर्थ नीट बघा. जे घोकलं तेच परत येतं. मेंदू ‘भाषा’ नावाची एक गोष्ट दुरुस्त करत नाही. तो अमुक शब्द, तमुक शब्द असं एकेक परत मिळवतो. मग कोणते शब्द घोकायचे, हाच सगळ्यात मोठा प्रश्न होतो. आणि तिथं इंग्रजीतून आलेली चित्रं (सफरचंद, छत्री, पेंग्विन!) मोर्शी तालुक्यातल्या सत्तरीच्या माणसाच्या काय कामाची? पेंग्विन म्हणता आलं म्हणून त्याचा कोणता अडलेला दिवस पुढं जाणार आहे?

त्याचे शंभर शब्द वेगळे असतील. भाकर, ठेचा, कढी. मोटर, लाईन, फवारणी, आंबिया बहार. नातवाचं घरातलं नाव, शाळेतलं नव्हे. गोळी, डोकं, थंडी, लघवी. आणि माणूस महानुभाव असेल तर सगळ्यात आधी ‘दंडवत प्रणाम’, कारण दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्याला ते म्हणायचं असतं, आणि ते म्हणता न येणं ही त्याची रोजची लाज असते. प्रमाण मराठीतला रेकॉर्ड केलेला आवाज ‘मला पाणी द्या’ म्हणतो. घरात मात्र जन्मभर ‘मले पानी दे’ चाललेलं. सराव घरातल्या बोलीतच झाला पाहिजे, कारण वापर तिथंच होणार आहे.

सोपी सुरुवात त्या शाबूत साठ्यातून करता येते. वार म्हणायला लावा आणि मधेच थांबा. पुढचा वार त्याच्या तोंडून येतो. रोजच्या नामस्मरणाची पहिली अर्धी ओळ तुम्ही म्हणा, उरलेली त्याला सोडा. 1973 मध्ये बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी सुरावर आणि हाताच्या ठेक्यावर वाक्यं म्हणवून घेण्याची पद्धत मांडली ती याच निरीक्षणावर: ‘पा-णी दे’ हे दोन सुरांत, डाव्या हातानं मांडीवर टिचकी देत, हळूहळू सूर कमी करत बोलण्यापर्यंत आणायचं. सगळ्यांना गुण येत नाही. पण ज्यांना समजतं आणि बोलता येत नाही, त्यांना करून पाहण्यासारखं आहे.

शब्द येईपर्यंत काय? मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ‘जेलो’ नावाचं मोफत अॅप तयार झालं आहे, मराठीतही. मुळात बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी केलेलं: चित्रावर बोट ठेवा, ‘हवं’, ‘नको’, ‘आणखी’ असं दाबा, मोबाईल बोलतो. मोठ्या माणसाला ते बालिश वाटू शकतं आणि त्यात त्याचं चुकत नाही. त्याच्यासाठी घरातल्याच वस्तूंचे, माणसांचे फोटो काढून एक वही केलेली जास्त बरी. टोरोंटोच्या अॅफेजिया इन्स्टिट्यूटमधल्या ऑरा केगन यांनी अशा संवादाची रीतच घालून दिली. एका वेळी एकच प्रश्न, उत्तर ‘हो-नाही’त येईल असा, शब्द, चित्र किंवा खूण कागदावर, आणि मग थांबणं. त्याच्या तोंडचा शब्द ओढून काढून आपण पुरा न करणं. शिवाय, ‘तुम्हाला कळतंय, हे मला माहीत आहे’, हे त्याला स्वच्छ सांगणं. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तिऱ्हाईतासारखं बोललं जातं.

उजव्या मेंदूला इजा झाली असेल तर निराळीच गंमत, म्हणजे दुःखातली गंमत. बोलणं ठीक असतं, पण अनेकदा डावी बाजू जगातूनच गायब होते. ताटातली उजवीकडची भाजी संपते, डावीकडची तशीच राहते. पेपरातली ओळ मधूनच वाचली जाते. डोळे चांगले असतात. लक्षच तिकडे जात नाही. अशा माणसाच्या हातात व्यायामाचं अॅप दिलं आणि त्यातलं बटण पडद्याच्या डावीकडे असलं, तर त्याच्यापुरतं ते बटण नाहीच. फोन उजवीकडे धरून सुरुवात करा आणि रोज थोडा थोडा डावीकडे सरकवा. हेही शिकवणंच आहे.

काही गोष्टी मात्र व्हिडिओ शोधण्याआधी कळल्या पाहिजेत, कारण त्यात नुकसान लवकर होतं. गिळणं तपासल्याशिवाय पाणीही पाजायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला त्रास असतो, आणि आडवं ठेवून पाजलेलं पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. तपासल्यावरही सरळ बसवून, लहान घासानं. लुळ्या हाताला धरून कधी उठवायचं नाही. खांदा निखळतो आणि मग त्या दुखण्यानं सगळा व्यायामच बंद पडतो. अंथरुणात असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि माणूस उगाच रडत असेल, जेवत नसेल, ‘मला नको’ म्हणत व्यायाम टाळत असेल, तर तो आळशी झाला असं समजू नका. लकव्यानंतर जवळजवळ तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे.

सांभाळणाऱ्याचा विचार या सगळ्यात शेवटी येतो, जसा घरातही शेवटीच येतो. सांभाळणारी बहुतेकदा बायको असते, किंवा सून. रिद्धपूरच्या मठांत कदाचित रक्ताचं नातं नसलेला गुरुबंधू असेल. तिला किंवा त्याला चोवीस तास शिकवत बसायला सांगणं क्रूरपणाचं आहे. कामाचे तुकडे वाटता येतात. दहावीतल्या नातवाकडे शब्दांची वही, शेजारच्या काकांकडे संध्याकाळचं चालणं, दूरच्या लेकीकडे व्हिडिओ कॉलवरचे वार आणि पाढे. सरावाचा तो शेकड्यांचा आकडा एकट्याच्यानं गाठला जात नाही. चार जणांत तो जड नाही.

भाषेबद्दलची एक भारतीय नोंद इथं सांगायलाच हवी. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या गटानं लकव्याच्या 608 रुग्णांचा अभ्यास करून 2016 मध्ये छापला. एकच भाषा येणाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्क्यांची विचारशक्ती, स्मरणशक्ती झटक्यानंतर शाबूत होती. दोन किंवा जास्त भाषा येणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 40 टक्के निघालं. वाचाघात मात्र दोन्ही गटांत सारखाच. जास्त भाषा वाणी वाचवत नाहीत, पण बाकीचं डोकं सावरायला मदत करत असाव्यात. हिंदी-मराठी एका दमात बोलणाऱ्या वऱ्हाडासाठी ही आशेची गोष्ट.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. 2023 मध्ये त्याचा कायदा झाला, 2024 मध्ये पहिले कुलगुरू आले. मराठीच्या बोलींचा अभ्यास तिथं व्हायचाच आहे. त्यांना एक विनंती. एक लहान, मोफत शब्दसंग्रह तयार करा: वऱ्हाडी घरातल्या रोजच्या काही हजार शब्दांचे फोटो, आणि प्रत्येकाखाली वऱ्हाडी माणसांचे आवाज, बाईचाही, पुरुषाचाही, सावकाश बोललेले. इंटरनेट नसतानाही चालेल असा. त्यातून कुठल्याही घराला आपले शंभर शब्द निवडता यावेत. भाषातज्ज्ञ आणि अमरावतीतले वाचा-उपचार करणारे एकत्र बसले तर हे काही वर्षांचं काम नाही. तोवर वाट कशाला पाहायची? तुमच्या घरात लकव्याचा रुग्ण असेल, तर मोबाईलवर त्याच्या दहा शब्दांचे फोटो काढा आणि त्याच्या नातवाच्या आवाजात ते रेकॉर्ड करून ठेवा.